रस्ता आपल्या दारातला, पण बंद करायचा कुणाला विचारून?

नमस्कार. आम्ही अमळनेरला राहतो. कॉलनीतली आमची गल्ली पस्तीस-चाळीस घरांची. चंपाषष्ठी झाली की दरवर्षी कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी होते, पण तिथे जातात ते पुरुष आणि मोठी पोरं. म्हातारी माणसं आणि लहान लेकरांच्या आया घरीच राहतात. म्हणून यंदा गल्लीतच करायचं ठरलंय. एका शनिवारी संध्याकाळी चार-पाच तास रस्ता बंद ठेवायचा, वांगी तिथेच भाजायची, सगळ्यांची पंगत बसवायची. पण परवानगी कुणाकडे मागायची यावर एकमत नाही. एक जण म्हणतात, नगरसेवकाला फोन केला की झालं. दुसरे म्हणतात, पोलीस स्टेशनला अर्ज द्या. पोरं म्हणतात, ‘परवानगी कसाले लागस? दोन मोटारसायकली आड्या लाई देऊत.’ त्यात गल्लीच्या शेवटच्या घरातले निवृत्त काका सरळ नाही म्हणतात. मागच्या कोजागिरीला आम्ही रस्ता अडवला होता, तेव्हा त्यांची रिक्षा तोंडाशीच थांबली आणि काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेवढं अंतर चालत यावं लागलं. तेव्हापासून ते कुणाशी फारसं बोलत नाहीत. बाकी सगळे तयार आहेत. एका माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं का? आणि परवानगीचं नेमकं काय करायचं?
— एक वाचक, अमळनेर

ताई, ही पार्टी व्हायला हवी, आणि गल्लीतच व्हायला हवी. मळ्यातल्या भरितापासून ज्यांना दरवर्षी लांब राहावं लागतं, त्यांच्या दारात तुम्ही ते आणताय. हे कारण मला मनापासून पटलं.

आता काकांचं. एका माणसासाठी सगळ्यांनी थांबायचं का, असं तुम्ही विचारलंत. थांबायचं नाही, पण सुरुवात त्या माणसापासून करायची. कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. काकूंना ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने चालावं लागलं, ही काही रुसून बसण्याची सबब नव्हे. त्या रात्री तुमच्या आनंदाची किंमत एका घराने मोजली, आणि त्या घराला आधी कुणी विचारलंही नव्हतं. काकांचा विरोध भरिताला नसावा. आपण पुन्हा घरात अडकणार, ही त्यांची भीती आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

म्हणून सह्यांचा कागद फिरवायच्या आधी त्यांच्याकडे जा. दोघांनीच जा, आठ-दहा जणांचं शिष्टमंडळ नको. सोबत एखादं वडीलधारं माणूस असू द्या, आणि अर्ज खिशातही नको. आधी कोजागिरीच्या रात्रीबद्दल सरळ माफी मागा, ‘पण’ न लावता. मग विचारा: काकूंना कोणत्या दिवशी, किती वाजता बाहेर जावं लागतं? दवाखाना, फिजिओथेरपी, मुलाकडे जाणं, जे असेल ते. त्यांना सोयीचा दिवस आधी ठरवा, तुमचा शनिवार त्यानंतर. आणि त्यांना एक गोष्ट कबूल करा, जी पाळणं तुमच्या हातात आहे: कितीही गर्दी असली तरी त्यांच्या दारापर्यंत रिक्षा जाईल, आणि त्या कामासाठी एक ठरलेला माणूस टोकाला उभा असेल. त्या माणसाचा मोबाइल नंबर त्यांच्या हातात द्या. एवढं करूनही ते नाही म्हणाले, तर मात्र पुढे जायला हरकत नाही. परवानगी देताना अधिकारी प्रत्येक घराचा होकार मोजत बसत नाहीत. त्यांना रहदारी, सुरक्षितता आणि तक्रारीची शक्यता पाहायची असते. पण लेखी तक्रार घेऊन एक घर पोलीस ठाण्यात गेलं, तर तुमचा अर्ज अडकू शकतो, हेही लक्षात असू द्या.

परवानगीबद्दल तुमच्या गल्लीत जी तीन मतं आहेत, त्यातलं दुसरं अर्धं बरोबर आहे. नगरसेवकांचा फोन उपयोगी पडतो, अर्ज टेबलावरून पुढे सरकायला मदत होते, पण तोंडी होकार म्हणजे परवानगी नव्हे. उद्या काही झालं तर ‘साहेब हो म्हणाले होते’ याला कागदावर काही किंमत नसते. आणि मोटारसायकली आडव्या लावणाऱ्या पोरांना सांगा की सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये त्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात तो २०० रुपये होता. खरी काळजी दंडाची नाहीच. त्या आडव्या मोटारसायकलीमागे रुग्णवाहिका थांबली, तर हँडल लॉक करून किल्ली घेऊन गेलेला पोरगा तुम्ही पंगतीत कुठे शोधणार?

आधी रस्ता कुणाचा ते पाहा. अमळनेर नगरपरिषदेचं गाव आहे, त्यामुळे कॉलनीतला आतला रस्ता बहुतेक नगरपरिषदेचा असेल आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जाईल. हेच जळगावात किंवा धुळ्यात असतं तर महापालिकेच्या आयुक्तांच्या नावे गेला असता, खेड्यात असतं तर ग्रामपंचायतीकडे. नव्या ले-आउटमध्ये रस्ता अजून नगरपरिषदेकडे वर्ग झालेला नसतो, असंही होतं. तसं असेल तर बांधकाम विभागात एकदा विचारून घ्या. गल्लीचं तोंड सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यावर उघडत असेल, तर त्या रस्त्याचा एक फूटही तुमच्या आखणीत धरू नका. मुख्य रस्त्यावरची वाहतूक वळवायची तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली जिल्हा पातळीवरून आदेश काढावे लागतात. भरीत पार्टीसाठी ते कुणी काढणार नाही, आणि काढूही नये.

दुसरा कागद पोलिसांचा. रस्त्यावरची गर्दी आणि रहदारी यांचं नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली पोलिसांकडे आहे, म्हणून तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज करायचा. इथे बरीच माणसं अडकतात. नगरपरिषद म्हणते आधी पोलिसांचं ना-हरकत आणा, पोलीस म्हणतात आधी नगरपरिषदेचं आणा. गणेशोत्सवात मंडळांसाठी एक खिडकी असते, डिसेंबरात ती नसते. उपाय साधा आहे. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या. नगरपरिषदेत आवक शिक्का मारून पोच घ्या, त्याची झेरॉक्स पोलिसांच्या अर्जाला जोडा, पोलिसांची पोच परत नगरपरिषदेच्या अर्जाला जोडा. मग दोन्ही टेबलांना दिसतं की दुसरीकडे काम सुरू आहे.

हे सगळं पार्टीच्या किमान महिनाभर आधी. अर्जात गोडगोड भाषेची गरज नाही, हवी ती माहिती. साधारण असं लिहा:

‘आमच्या गल्लीतील रहिवाशांचा स्नेहभोजनाचा घरगुती कार्यक्रम अमुक तारखेस सायंकाळी ५ ते रात्री १० या वेळेत घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी अमुक घरापासून तमुक घरापर्यंतचा अंतर्गत रस्ता वाहनांसाठी तात्पुरता बंद ठेवण्यास परवानगी मिळावी. या काळात वाहनांसाठी शेजारील गल्लीतून पर्यायी मार्ग उपलब्ध आहे. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनासाठी रस्त्याची एक बाजू पूर्ण वेळ मोकळी ठेवली जाईल. कार्यक्रमात मिरवणूक, डीजे व राजकीय फलक नसतील. रस्ता पूर्ववत स्वच्छ करून देण्याची जबाबदारी खालील रहिवाशांची राहील.’

खाली तीन जबाबदार माणसांची नावं आणि मोबाइल नंबर, मागे सह्या, आणि हाताने काढलेला का होईना पण नकाशा. त्यात बॅरिकेड कुठे, पंगत कुठे, गाडी कुठून जाणार, हे बाणांनी दाखवा. नकाशा असलेला अर्ज वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतो आणि तो जागेवर येऊन पाहायच्या आधीच निम्मा निर्धास्त होतो. नगरपरिषदेने भाडं किंवा अनामत मागितली तर भरा आणि पावती घ्या.

बंद करायचा तुकडा जितका लहान तितकं बरं. पूर्ण गल्ली हवीच कशाला? चाळीस घरांची पंगत आठ-दहा घरांसमोरच्या तुकड्यात, दोन पंगतींत सहज उठते. गल्ली पुढे उघडी आहे की बंद, ते तुम्ही लिहिलेलं नाही. उघडी असेल तर मधला तुकडा बंद करा, म्हणजे काकांकडे पलीकडून जाता येईल. पुढे बंद असेल तर काकांच्या दारापर्यंत जाणारी एक बाजू पूर्ण वेळ रिकामी ठेवावी लागेल. तिथे खुर्ची नाही, चपलांचा ढीग नाही, लेकरांची सायकल नाही. ले-आउटमध्ये ओपन स्पेस असेल तर तीही बघा. पंगत तिथे आणि रस्त्यावर फक्त वाढपाची ये-जा, असं झालं तर रस्ता बंद करण्याचं कामच निम्म्यावर येईल.

दिवस ठरवताना पंचांगाबरोबर गल्लीचं वेळापत्रकही पाहा. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाणी येण्याचा दिवस टाळा, त्या दिवशी कुणाचं लक्ष पंगतीत नसतं. दाट लग्नतिथी टाळा. आठवडे बाजाराचा दिवस टाळा, कारण बाजारामुळे पर्यायी रस्ता आधीच भरलेला असतो. निवडणुकीची आचारसंहिता किंवा जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात अर्ज देतानाच विचारून घ्या. असला तरी परवानगी अशक्य नसते, पण मग ती घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. तुम्ही लिहिलंय, ‘वांगी तिथेच भाजायची’. ताई, हे करू नका.

गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, हे मला मान्य आहे. तुराट्यांचा, कपाशीच्या काड्यांचा जाळ हवाच. पण तो जाळ मळ्यात शोभतो. काडी वाळलेली असते, धडधडून पेटते, ज्वाळा माणसाच्या उंचीएवढी जाते आणि ठिणग्या वाऱ्यावर उडतात. गल्लीत वर विजेच्या तारा, कडेला पेट्रोलच्या टाक्या असलेल्या गाड्या, आणि डिसेंबरात आपल्याकडे कित्येक घरांत भाव येईल म्हणून कापूस भरून ठेवलेला असतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि उघड्या खिडकीबाहेर काड्यांचा जाळ, हे डोळ्यांसमोर आणा. शिवाय रस्ता डांबरी असेल तर खालचं डांबर मऊ होऊन खडी सुटते, काँक्रीटचा असेल तर वरचा थर तडकून पोपडे निघतात. दोन्हीकडे नुकसान नगरपरिषदेच्या रस्त्याचं, आणि अर्जावर सही तुमची.

त्यापेक्षा वांगी दुपारी मळ्यातच भाजा. पोरांना नाही तरी तेच आवडतं. बामणोदची असोत की आसोद्याची, भरताच्या वांग्यांची साल जाळात काळी होऊन सुटली की ती झाकलेल्या पातेल्यांत भरून गल्लीत आणा. सोलणं, ठेचणं, हिरव्या मिरच्या आणि लसणाचा ठेचा, कांद्याची पात चिरणं, तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप परतणं, हे सगळं गल्लीत सगळ्यांदेखत होऊ द्या. ज्या आजीबाईंना मळ्यात नेता येत नाही, त्यांना पाटावर बसवून वांगी सोलायला द्या. खरी मजा तिथेच आहे, आणि मीठ किती हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? फोडणीसाठी एक गॅस शेगडी पुरे. ती मोकळ्या जागी ठेवा, सिलिंडर उभा ठेवा, शेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि जवळ राहणाऱ्या कुणाचं तरी अग्निशामक नळकांडं. पुऱ्या आचाऱ्याकडून करून घ्या. नाही तर गल्लीतल्या बायका पुन्हा आपापल्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत बसतील आणि तुमचा सगळा हेतू वाया जाईल. कळण्याच्या भाकरी मात्र घरोघरी चार-चार करून आणल्या तर चालतील.

रस्ता अडवण्याची पद्धतही नीट ठरवा. दोरी बांधायची नाही, कधीच नाही. अंधारात दुचाकीवाल्याला ती दिसत नाही आणि थेट गळ्याशी येते. दगड, बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, यातलंही काही नको. पोलीस ठाण्याकडे बॅरिकेड मागून पाहा. मिळाली नाहीत तर रिकामे ड्रम घ्या, त्यांना चमकणारी पट्टी चिकटवा. एका माणसाला एका हाताने सरकवता आलं पाहिजे, एवढीच कसोटी. दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं पाळीपाळीने उभी ठेवा, आणि ती शुद्धीवर असलेली, जबाबदार माणसं असू द्या. गल्लीबाहेरच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालायची नाही. ‘भाऊ, कार्यक्रम आहे, या बाजूने जा’ एवढंच म्हणायचं. १०८ ची गाडी आली तर कुणाला विचारायचं नाही, ड्रम बाजूला करायचा. मंडप शक्यतो नकोच, थंडीच्या दिवसांत आभाळच पुरे. घालायचाच असेल तर रस्त्यात खड्डे खणू देऊ नका, खांब वाळू भरलेल्या डब्यांत उभे करा.

विजेचं थोडक्यात सांगते. आकडा टाकायचा नाही. दिव्यांची एखादी माळ कुणाच्या मीटरवरून चांगल्या वायरने घ्या, जास्त लोड असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी किंवा जनरेटर. वायर जमिनीवरून पंगतीतून नेऊ नका.

माइक लावायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी, तीही पोलिसांकडून लेखी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दवाखाना, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. माझं मत विचाराल तर माइक नकोच. चाळीस घरांच्या गप्पांना माइक लागत नाही, आणि म्हाताऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानदाराला, दूधवाल्याला आणि शेजारच्या दोन्ही गल्ल्यांना आठवडाभर आधी सांगा. कुणाची गाडी रात्री बाहेर काढायची असेल तर ती पाचच्या आत पलीकडे लावून ठेवायला सांगा. अंगणात गाडी अडकलेला माणूस जेवायला बसला तरी चिडलेलाच असतो. वर्गणी ऐच्छिक ठेवा. ज्याने दिली नाही त्याला बोलावणं चुकवू नका, त्याचाही रस्ता तुम्ही घेताय.

फ्लेक्सबद्दल पोरांशी आधीच बोला. कुणा पुढाऱ्याचा फोटो एका बाजूला लागला की दुसरी बाजू उठते, आणि फ्लेक्सला नगरपरिषदेची परवानगी पुन्हा वेगळी लागते. गल्लीचं भरीत गल्लीचंच राहू द्या.

जेवण केळीच्या पानावर वाढा. आपल्याकडे पानांना तोटा नाही, आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. साडेनऊला शेवटची पंगत उठली पाहिजे, म्हणजे दहाच्या आत झाडलोट होऊन ड्रम निघतील. पानं आणि खरकटं पोत्यांत भरून एका जागी ठेवा आणि सकाळी घंटागाडीत द्या. रात्री ते रस्त्याच्या कडेला टाकलंत तर कुत्री आणि डुकरं सगळं गल्लीभर करतील.

पोलिसांची लेखी परवानगी हातात आली की तिच्या तीन झेरॉक्स काढा. दोन टोकांवर उभ्या माणसांच्या खिशात एक-एक, आणि तिसरी तुमच्याकडे. पार्टीच्या दुपारी, काही मांडायच्या आधी, रस्त्याचे दोन्ही टोकांकडून फोटो काढा, आणि रात्री झाडून झाल्यावर पुन्हा तिथूनच काढा. नगरपरिषदेने अनामत घेतली असेल तर ती परत मागताना पावतीबरोबर हे फोटो जोडा.